हळद, जास्वंद आणि जांभळा कोबी: आम्ल-आम्लारी घरच्या घरी कसं तपासायचं

घरात आठवीतलं पोर असेल तर आम्ल, आम्लारी आणि दर्शकांचा (म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणाऱ्या पदार्थांचा) तक्ता पाठ करून घ्यायच्या आधी एक रविवार सकाळ काढा आणि हे सगळं ओट्यावर करून बघा. निळा लिटमस तांबडा, तांबडा लिटमस निळा, मिथिल ऑरेंज असं आणि फिनॉल्फ्थॅलीन तसं, हे नुसतं घोकलं की पेपरात हमखास उलटसुलट होतं आणि त्यातली खरी गोष्ट राहूनच जाते. ती गोष्ट म्हणजे प्रत्येक दर्शक आपापल्या ठरावीक जागी रंग बदलतो, त्यामुळे एकाच दर्शकावर विसंबून निकाल द्यायचा नसतो. घरी तीन दर्शक शेजारी शेजारी ठेवले की हे मुलांना आपोआप दिसतं, समजावत बसावं लागत नाही.

सामान फार नाही. जांभळा कोबी मंडईत मिळतो, नाहीतर मॉलमध्ये रेड कॅबेज म्हणून असतोच, पाव कोबी खूप झाला. जास्वंदीची लाल फुलं चार-पाच, सोसायटीत विचारून घ्या. हळद घरातली. तपासायला लिंबू, व्हिनेगर, दूध, साधं पाणी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, साबणाचं पाणी, आणि पानाच्या टपरीवरून आणलेला थोडा चुना. टेस्ट ट्यूब लागत नाहीत, पांढरा बर्फाचा ट्रे सगळ्यात बेस्ट, कारण पांढऱ्यावर रंग नीट दिसतो आणि सगळे कप्पे एका नजरेत येतात (टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवायचं अरविंद गुप्तांनी केवढं काम केलंय, तेही इथेच पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, त्यामुळे उपकरणं नाहीत ही सबब पुणेकरांनी तरी सांगू नये). ॲल्युमिनियमची भांडी मात्र घेऊ नका, आम्लाचा आणि धुण्याच्या सोड्याचा दोन्हीचा त्यावर परिणाम होतो. काच, चिनीमाती नाहीतर प्लास्टिक.

चुन्याची निवळी आदल्या रात्री करून ठेवा. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा चुना ढवळायचा, झाकून ठेवायचा, सकाळी गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी हळूच ओतून घ्यायचं. हे काम मोठ्यांनीच करायचं, चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून पोरांना साधा का होईना पण चष्मा घालायला लावा. चुकून उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि तडक डॉक्टरकडे. निवळी उघडी राहिली तर वर पातळ साय धरते, ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेली कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि तेवढा निवळीचा जोर कमी होतो, म्हणून ताजी वापरा.

आता दर्शक. कोबी बारीक चिरून गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि गाळा, जांभळं पाणी मिळतं. जास्वंदीच्या नुसत्या पाकळ्या घ्या, कढत पाण्यात टाका, रंग पाण्यात उतरतो आणि पाकळ्या फिक्या पडतात, पाणी थोडं बुळबुळीत होतं ते चालतं, फक्त बारीक गाळणीने गाळा. दोन्ही पाणी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, नंतर आंबतं आणि मग रंगाचा भरवसा नाही. हळदीचं जरा वेगळं आहे, तिचा रंग म्हणजे कर्क्युमिन, तो पाण्यात नीट विरघळत नाही पण स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, दोन-तीन चमचे स्पिरिटमध्ये पाव चमचा हळद कालवा, त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर पिवळा रंग उडतो. आणि स्पिरिटचं काम गॅस बंद करून, खिडकी उघडून, हे परत परत सांगतोय.

ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात चमचाभर कोबीचं पाणी घाला. एक कप्पा तसाच सोडा, तो तुलनेसाठी, आणि हा कप्पा कधीच विसरायचा नाही कारण मूळ रंग समोर नसला की फिकट बदल ओळखूच येत नाही. बाकी कप्प्यांत एकेक पदार्थाचे सारखेच थेंब टाका. टाकायच्या आधी पोरांकडून अंदाज वहीत लिहून घ्या, ही सवय लावलीत तर अर्धं विज्ञान आलं. लिंबू टाकलं की लाल-गुलाबी, खायच्या सोड्याला निळसर, धुण्याच्या सोड्याला हिरवा, आणि निवळी जास्त झाली तर हिरव्याचा हळूहळू पिवळा होतो. जास्वंदीचं लिंबाने गडद गुलाबी होतं आणि सोड्याने हिरवं. दोन्हींत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात, त्यांचे रेणू हायड्रोजन आयन घेतात किंवा सोडतात आणि त्याप्रमाणे रंग बदलतो, दर्शकाचं सगळं काम एवढ्यावरच चालतं.

मग हळदीची पट्टी घ्या. निवळीचा थेंब पडल्या पडल्या तांबडी होते, बघायला फार भारी वाटतं. पारंपरिक कुंकू हळदीचंच करतात ते याच गुणामुळे, आणि मुका मार लागल्यावर आजी हळद-चुना कालवून लावते तो लेपसुद्धा म्हणूनच लाल दिसतो. त्या लाल पट्टीवर लिंबू पिळलं की परत पिवळी. पण आता त्याच हळदीच्या नव्या पट्ट्यांवर लिंबू, दूध आणि पाणी यांचे थेंब टाका. तिन्ही पिवळ्याच! म्हणजे हळद फक्त आम्लारी ओळखते, समोरचं आम्ल आहे की उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी) आहे हे तिला सांगताच येत नाही. इथे पोरांना थांबवा आणि विचारा, मग ओळखायचं कसं? बरीच पोरं स्वतःच कोबीच्या ट्रेकडे बोट दाखवतात.

शाळेतल्या दर्शकांच्या बाटल्यांचं अगदी असंच आहे. फिनॉल्फ्थॅलीन सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीची तीव्रता सांगणारा आकडा) साधारण 8.3 च्या पुढे गुलाबी व्हायला लागतं, त्याआधी लिंबू असो, दूध असो, पाणी असो, रंगहीनच. मिथिल ऑरेंज साधारण 3.1 ते 4.4 च्या दरम्यान लालचं पिवळं होतं. दुधाचा सामू 6.6 च्या आसपास, म्हणजे दूध किंचित आम्लधर्मी, तरी मिथिल ऑरेंज त्यात पिवळंच दिसणार, आणि ज्याने "पिवळं म्हणजे आम्लारी" एवढंच पाठ केलंय तो दुधाला आम्लारी म्हणून मोकळा होणार. लिटमस दगडफुलासारख्या लायकेनपासून, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र वाढून बनलेल्या जीवांपासून काढतात, तो बाजू सांगतो पण किती तीव्र ते सांगत नाही. ते मोजायला सामू, ही कल्पना 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी मांडली. 7 उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी, आणि एकेका अंकाला दहापट फरक, हे दहापट प्रकरण पोरं विसरतात, म्हणून 3 आणि 5 मध्ये शंभरपट फरक पडतो हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि आम्लारीने एकमेकांचा जोर घालवणं, दाखवायला निवळी टाकून हिरवा झालेला कोबीचा कप्पा घ्या आणि ड्रॉपरने लिंबाचा रस एकेक थेंब टाका, प्रत्येक थेंबाला ढवळा. हिरवा, निळा, मग जांभळा, आणि पुढचे थेंब गेले की गुलाबी. जांभळ्यावर नेमकं थांबायला जमलं पाहिजे, घाई केली की पुढे निघून जातं. थेंब मोजून लिहा, दुसऱ्यांदा करा, जवळपास तेवढेच आले तर हात बसला, पुढे अकरावी-बारावीला टायट्रेशन म्हणतात ते हेच. खायच्या सोड्यावर केलंत तर फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड.

वेळ उरला तर घरातली पाणी तपासा. कॉर्पोरेशनचं, बोअरचं, टँकरचं, फिल्टरचं, सगळ्यांत सारखं कोबीचं पाणी घालून पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, त्यामुळे ते जरा निळसर दिसतं. यावरून पाणी पिण्यालायक आहे का हे अजिबात ठरत नाही, तेवढं पोरांना स्पष्ट सांगा.

टॉयलेट क्लीनर, ब्लीच, बॅटरीचं पाणी यातलं काही आणू नका. ॲसिडवालं क्लीनर आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तो विषारी असतो. प्रयोगातलं काहीही चाखायचं नाही, खायचं लिंबू असलं तरी नाही. झाल्यावर सगळं भरपूर पाण्याबरोबर बेसिनमध्ये ओतून द्या, हात धुवा. कपड्यावर हळद सांडली आणि साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका, नीट खळबळलं की पुन्हा पिवळा होतो, मग दोन दिवस कडक उन्हात वाळत घाला, बराचसा उडून जातो.