हळदीकुंकवात मेंदूवर कसं बोलावं

नौपाड्यातल्या एका हळदीकुंकवात मी पहिल्यांदा पाळी आणि मेंदू या विषयावर बोलले. पहिल्याच स्लाइडवर लिहिलं होतं : अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांत जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत. आकडा खरा होता. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एक शिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, हल्ली वर्गात मुलांची नावंच आठवत नाहीत. म्हणजे माझं सुरू झालं का?" वय ४८. तासभर बोलून मी त्यांच्या हाती फक्त भीती दिली होती. मेंदूविज्ञानात काम करणाऱ्या ज्या मुली आता आपल्या सोसायटीत, महिला मंडळात बोलायला जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ऐका. तिळगूळ वाटला जात असताना बायकांत जाऊन बसा. 'रजोनिवृत्ती' हा शब्द फलकापुरता ठीक आहे, बोलताना 'पाळी जाणं' म्हणा. 'वाफा येतात' म्हणा. 'फ्रीज उघडला आणि कशाला उघडला तेच आठवेना' हे वाक्य मी प्रत्येक कार्यक्रमात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आहे. तुमचं बोलणं तिथूनच सुरू होऊ द्या. मग सांगा की अमेरिकेत 'स्वॅन' नावाचा अभ्यास नव्वदच्या दशकापासून हजारो बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवतो आहे. त्यातून २००९ साली एक गोष्ट पुढे आली : पाळी मागेपुढे होण्याच्या काळात नवं लक्षात ठेवण्याची गती मंदावते आणि पाळी गेल्यावर ती पुन्हा सावरते. त्या शिक्षिकेला मी सर्वांत आधी हे सांगायला हवं होतं.

वाफा म्हणजे काय, हे सांगताना आकृती दाखवू नका, कुकर दाखवा. मी घरून शिट्टी घेऊन जाते. ती हातात धरून विचारते, "हिचं वजन कमी झालं तर काय होईल?" उत्तर लगेच येतं : कमी वाफेवरच उडेल. बस, तेच. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस असतो, शरीराचं तापमान तो सांभाळतो. एरवी थोडं कमीजास्त त्याला चालतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन घटलं की तिथल्या काही चेतापेशींवरचा लगाम सुटतो, त्या अति कामाला लागतात आणि जरा ऊब वाढली तरी शिट्टी उडते : घाम, लाल चेहरा, धडधड. याच पेशींचा निरोप अडवणाऱ्या फेझोलिनेटँट या औषधाला अमेरिकेत मे २०२३मध्ये मान्यता मिळाली. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' हे ऐकत आलेल्या बाईला, हा मेंदूतला ठरावीक पेशींचा मामला आहे हे कळतं, तेव्हा तिच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो जवळून बघा.

"मग हे आधी कुणी का नाही शोधलं?" हा प्रश्न येणारच. मी माझंच उदाहरण देते. माझ्या पीएचडीत सगळे उंदीर नर होते. माद्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं, त्यामुळे आकडे विस्कळीत होतात, असं मला शिकवलं गेलं आणि मी ते मानलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मेंदूविज्ञानात फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट निघाले. हे वाचून मी माझ्या कामाची दिशा बदलली. हे लपवू नका. बायकांना त्याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

हार्मोनच्या गोळ्यांचं विचारलं तर मंचावरून सल्ला द्यायचा नाही. २००२ साली अमेरिकेतली हार्मोनची मोठी चाचणी मध्येच थांबवली आणि जगभर घबराट पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीच्या बाईचा हिशेब वेगळा, तो तिने स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत मांडावा. मात्र हे ठासून सांगा : पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा रोजचा रस्ता चुकायला लागला, पैशांचे व्यवहार जमेनासे झाले, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. विसरायला होतंय तर थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं.

रक्तदाब, साखर, चष्मा, कान यांवर मी थोडक्यात बोलते. ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांपैकी एक आहे, हे मात्र बहुतेकींना नवीन असतं. वाण म्हणून मंडळाला छोटी वही लुटायला सांगा : पाळीची तारीख, झोप, रक्तदाब. प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा जास्त वापरली जाते.

वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं. राहिलेला वेळ चिठ्ठ्यांना द्या. सासू, सून आणि शेजारीण एकाच रांगेत बसलेल्या असताना कुणी हात वर करत नाही. स्टीलचा डबा फिरवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. माझ्या डब्यात संबंधांबद्दल, रडू येण्याबद्दल, नोकरी सोडावी का याबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. सगळ्या मोठ्याने वाचा, एकही गाळू नका.

आणि चिठ्ठ्या घरी घेऊन या. पाचपाखाडीतल्या एका चिठ्ठीत पेन्सिलने लिहिलं होतं : "पोळ्या करताना वाफा जास्त येतात. गॅस विझतो म्हणून पंखा लावता येत नाही. काय करू?" इतकी वर्षं मी वाफांवर वाचत होते, पण स्वयंपाकघराचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. दुसऱ्या सोमवारी मी ती चिठ्ठी प्रयोगशाळेच्या बैठकीत ठेवली. आता आमच्या प्रश्नावलीत झोपेच्या प्रश्नाखाली एक नवा प्रश्न आहे : रोज किती वेळ गॅससमोर उभ्या असता, आणि तेव्हा पंखा चालू असतो का?