गेम खेळताना लॅपटॉप तापतोय? आधी आकडा बघा

शर्यतीच्या गेममध्ये पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. मग गाडी वळणावर आली की चित्र अडखळायला लागायचं, पंखा घोंघावायचा आणि डाव्या हाताच्या बोटांना बटणं चांगलीच गरम लागायची. माझा लॅपटॉप तेव्हा तीन वर्षांचा होता. मी ग्राफिक्स कमी केले, गेम काढून परत टाकला, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकली. काहीच फरक पडला नाही. एवढं सगळं करताना मी एकदाही तापमान बघितलं नव्हतं. तुम्ही सुरुवात तिथूनच करा.

एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते उघडून सेन्सर्सची खिडकी चालू ठेवा, वीस मिनिटं गेम खेळा आणि परत येऊन सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) यांच्या तापमानापुढचा 'मॅक्सिमम'चा रकाना वाचा. गेम खेळताना सीपीयू ८० ते ९० अंशांपर्यंत जाणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तिथे टेकला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. माझा सीपीयू १०० अंशांना चिकटून बसलेला आणि वेग ४ गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली आलेला. वळणावरचं अडखळणं म्हणजे हेच होतं.

तापमान आणि वेग, दोन्ही कागदावर लिहून ठेवा. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळून परत लिहा. वेग लिहायला विसरू नका, कारण थ्रॉटल होणाऱ्या लॅपटॉपवर सुरुवातीला तापमान जागचं हलत नाही. मिळालेला थंडावा सीपीयू वेग वाढवण्यात खर्च करतो. नुसतं तापमान बघणाऱ्याला वाटतं, उपाय फुकट गेला.

आता जागा. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत घेतात आणि मागच्या किंवा बाजूच्या फटीतून बाहेर टाकतात. गादीवर ठेवला की तळाची जाळीच बुजते. टणक टेबलावर ठेवा आणि मागची बाजू थोडी उचला. मी बाटलीची दोन सारखी झाकणं मागच्या रबरी पायांखाली सरकवली. तापमान १०० च राहिलं, पण वेग २.६ वर टिकला. कूलिंग पॅड घ्यायचंच असेल तर त्याचे पंखे तुमच्या जाळीच्या बरोबर खाली येतात का, ते आधी बघा. नाहीतर ते नुसतं प्लास्टिकवर वारा घालत बसतं.

मग फ्रेम, म्हणजे गेम एकामागून एक बनवतो ती चित्रं. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ती सेकंदाला ६० च चित्रं दाखवणार. गेम मात्र मोकळा सोडला तर १४० बनवत राहतो आणि त्या सगळ्यांची उष्णता आत साठते. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयूच्या तांब्याच्या नळ्या एकच असतात, त्यामुळे जीपीयूचं काम हलकं केलं की सीपीयूलाही आराम पडतो. तरीही भागलं नाही, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करून बघा. बऱ्याच लॅपटॉपवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसर गरजेला घेतो तो जादा वेग, बंद होतो. माझं तापमान एवढ्यावर ८४ ला आलं. सीपीयूवर जास्त भार टाकणाऱ्या गेममध्ये फ्रेम थोड्या घटतात, ते मान्य करावं लागतं.

पण खरा दोष आत होता, आणि तो सेटिंगने जाणारा नव्हता.

वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण निघत नसेल तर जोर करू नका, तो शोधा. उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरी बघा. फुगलेली दिसली तर तिला दाबू नका, टोचू नका, लॅपटॉप परत चालू न करता जाणकाराकडे द्या. बॅटरी ठीक असेल तर तिचा कनेक्टर सोडवा आणि मगच पुढे हात घाला.

पंखा वरून स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. मीही आधी झाकण परत लावणार होतो. पंख्याची वरची पट्टी काढली तेव्हा दिसलं, पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध करड्या लोकरीसारखी एक सलग पट्टी बसली होती. चिमट्याने धरली तर अख्खी निघून आली. हवेला वाटच नव्हती. उरलेली धूळ मऊ ब्रशने आणि डब्यातल्या दाबाच्या हवेने काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर तो नको तितका जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लिनर आत घालू नका, त्याच्या स्थिर विजेने सर्किटला धोका असतो.

थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्या मधला लेप, मी त्या दिवशी बदलली नाही. धूळ काढून परत मोजलं, टर्बो चालू असताना ८८. पुढे वर्षभराने तेच तापमान ९६ झालं, आत धूळ नव्हती, तेव्हा पेस्ट काढली. ती वाळून भुगा झाली होती. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी पूर्ण चिप झाकेल अशी पातळ पसरा, आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळा. शेजारचे मऊ थर्मल पॅड फाडू नका, त्यांची जागा पेस्ट भरून काढत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, असेल तर मात्र हीटसिंक उचलू नका. त्यातून वीज वाहते, एक थेंब बाजूला सांडला तरी मदरबोर्ड जाऊ शकतो. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

पेस्टनंतरची माझ्या वहीतली नोंद: तोच गेम, वीस मिनिटं, फ्रेम ६०, टर्बो चालू, सीपीयू ८१, वेग ३.८.