रस्ता सुरक्षा संस्थेचं विश्वस्त मंडळ: कोणत्या पेशाची माणसं घ्यावीत

रस्ता सुरक्षेसाठी संस्था काढायची ठरलं की पहिल्याच बैठकीत नावं सुरू होतात. निवृत्त पोलीस अधिकारी अध्यक्ष, ओळखीचे डॉक्टर उपाध्यक्ष, एक वकील, दोन उद्योजक आणि ‘एक बाई हवी’ म्हणून कुणाची तरी वहिनी. अशी संस्था वर्षभर काय करणार हे त्याच दिवशी सांगता येतं: हेल्मेट रॅली, शाळेत चित्रकला स्पर्धा, सिग्नलवर गुलाबाचं फूल. अपघात जिथे होत होते तिथेच होत राहतात. मंडळात ज्या पेशाची माणसं असतील, त्याच पेशाचे उपाय संस्थेला सुचतात. सगळे पोलिसातले असले की दंड, सगळे डॉक्टर असले की प्रथमोपचार शिबिर. म्हणून आधी काम ठरवा, नावं नंतर.

एक जागा घेऊन बसा

आपल्या तालुक्यातली एकच घातक जागा निवडा आणि ती बदलायची तर काय काय कळायला हवं ते कागदावर लिहा. समजा, चौपदरी महामार्ग आहे. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शेतं आणि डेअरी. अधिकृत वळण दीड किलोमीटर लांब, म्हणून कुणीतरी दुभाजक फोडून मोटरसायकल निघेल एवढी फट केलेली. संध्याकाळी दुधाचे कॅन लावलेली गाडी त्या फटीत थांबते आणि तिचं मागचं चाक जलद मार्गिकेत उरतं. खातं येऊन फट बुजवतं, काही दिवसांत ती थोडी पुढे पुन्हा उघडते.

आता प्रश्न लिहा. इथे गेल्या ३ वर्षांत किती गुन्हे नोंदले गेले, आणि पंचनाम्यात जागा किलोमीटर दगडानुसार लिहिली आहे की नुसतं ‘गावाच्या हद्दीत’? रस्ता कुणाच्या ताब्यात आहे: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ की जिल्हा परिषद? भुयारी मार्ग परवडतो का, की वळणासाठी वेगळी थांबण्याची मार्गिका पुरेल? जखमीला कुठल्या रुग्णालयात नेतात, तिथे रात्री सर्जन असतो का? मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली का? डेअरीची वेळ बदलता येईल का? हे शेवटचं डेअरीच्या चेअरमनला पटवावं लागतं, अभियंत्याला नाही.

प्रत्येक प्रश्नासमोर त्याचं उत्तर देऊ शकणारा पेशा लिहा. ज्या प्रश्नासमोर जागा कोरी राहते, त्या पेशाचा माणूस आधी शोधा. अशा २-३ जागा घेतल्या की मंडळाचा आराखडा आपोआप उभा राहतो.

अभियंता: हीच खुर्ची सगळ्यात जास्त वेळा रिकामी असते

‘आमच्यात इंजिनिअर आहेत’ यावर समाधान मानू नका. पूल किंवा इमारती बांधण्यात हयात गेलेला स्थापत्य अभियंता वाहतूक अभियंता असतोच असं नाही. तुम्हाला हवा आहे तो रस्त्याची आखणी, चौक, चिन्हं, वेग नियंत्रण यांत काम केलेला, आणि जमलं तर रोड सेफ्टी ऑडिटचं, म्हणजे रस्त्यातल्या धोक्यांच्या तपासणीचं, प्रशिक्षण घेतलेला. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी शिक्षणाची केंद्रं, पुण्यातलीच सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था, यांचे निवृत्त किंवा माजी लोक, तसंच बांधकाम विभागातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंते ही शोधायची ठिकाणं.

पारख सोपी आहे. एका वाईट चौकाचे तीन फोटो समोर ठेवा आणि काय दिसतं विचारा. ‘लोकांना शिस्तच नाही’ एवढंच म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. कामाचा माणूस दिसण्याचं अंतर, वळणाची त्रिज्या, पुसलेले पट्टे, झाडाआड गेलेला फलक, पादचाऱ्याला थांबायला जागा नसणं हे बोलायला लागतो.

या माणसाचा उपयोग पत्रात दिसतो. ‘गतिरोधक धोकादायक आहे’ असं पत्र गेलं की ते फायलीत जातं. तेच असं लिहा: रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९९ मध्ये गोलाकार गतिरोधकासाठी १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची सांगितली आहे, तो साधारण ताशी २५ किलोमीटर वेगानं ओलांडण्यासाठी असतो. इथला गतिरोधक अमुक रुंद, तमुक उंच, त्यावर पट्टे नाहीत, आधी फलक नाही. सोबत टेप धरलेला फोटो. याला उत्तर द्यावं लागतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८अ रस्त्याच्या आखणी, बांधणी आणि देखभालीत मानकं न पाळणाऱ्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं, तेही या पत्रात वकिलाकडून घालून घ्या.

डॉक्टर, पण कुठले?

अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन सहज मिळतात आणि व्यासपीठावर छान बोलतात. तरी एक जागा मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या प्राध्यापकाला द्या. सर्जनसमोर एकेक जखमी येतो. पीएसएमवाला पाचशे नोंदी एकत्र वाचतो. अमेरिकेत १९६६ नंतर रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था ज्यांनी पहिल्यांदा चालवली ते विल्यम हॅडन पेशानं डॉक्टर होते, आणि साथीच्या रोगाचा विचार करावा तसा अपघाताचा केला: एका बाजूला माणूस, वाहन, परिसर; दुसऱ्या बाजूला टक्कर होण्याआधी, होताना, झाल्यावर. हा नऊ घरांचा तक्ता आजही वापरतात. मंडळाच्या पहिल्या बैठकीत तुमची निवडलेली जागा याच तक्त्यात भरून पाहा. सर्व सदस्यांचं बोलणं एकाच घरात अडकलं असेल, तर भरती चुकली आहे.

फॉरेन्सिक मेडिसिनचा माणूस मिळाला तर सोडू नका. कुठल्या मृत्यूत डोक्याला मार होता आणि कुठल्यात पोटाला, हे शवविच्छेदनाच्या अहवालातून तोच नीट वाचू शकतो.

पोलीस आणि आरटीओ

निवृत्तच घ्या. सेवेतल्या अधिकाऱ्यावर वर्तणूक नियमांची बंधनं असतात, देणग्या गोळा करण्यावर तर विशेष, आणि ज्या खात्याला प्रश्न विचारायचे त्याचाच माणूस सहीला असणं बरं नव्हे. फार मोठ्या हुद्द्याचा आग्रह धरू नका. अपघाताचे पंचनामे स्वतः लिहिलेला, अपघातांच्या सरकारी ई-डार पोर्टलवर नोंद कशी होते हे जाणणारा निवृत्त निरीक्षक आयुक्तापेक्षा जास्त कामाला येतो. महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवताना सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, असा निकष धरतात. गुन्ह्यात जागा ढोबळ लिहिली तर पाचातले दोन अपघात दुसऱ्या गावाच्या नावावर जातात आणि तुमची जागा यादीत येतच नाही. ही गाठ सोडवायला ठाण्याची भाषा येणारा माणूस लागतो.

निवृत्त मोटार वाहन निरीक्षक वेगळा. ब्रेक, टायर, रिफ्लेक्टर, फिटनेस, लायसन्सची चाचणी हे त्याचं क्षेत्र. ऊस हंगामात रात्री विना-रिफ्लेक्टर ट्रॉल्यांचा प्रश्न असलेल्या जिल्ह्यात तो हवाच.

वकील आणि सीए

वकील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम केलेला असावा. कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, हिट अँड रनमध्ये मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. धोकाही इथेच. संस्थेकडे आलेलं कुटुंब त्याच्या कार्यालयात वळू लागलं की संस्थेचं नाव गेलं. म्हणून नियुक्तीआधी लेखी अट घाला: संस्थेमार्फत आलेल्या कुणाचंही वकीलपत्र तो किंवा त्याचा भागीदार घेणार नाही. खासगी रुग्णालय असलेल्या डॉक्टरला हीच अट लागू करा.

सीए विश्वस्त ठेवा, पण लेखापरीक्षक दुसराच नेमा. ‘घरचाच सीए आहे, ऑडिट फुकट होईल’ हा मोह अनेक संस्थांना नडतो; स्वतः विश्वस्त असलेल्यानं त्याच संस्थेचं ऑडिट करणं चालत नाही. आयकर सवलतीसाठीची नोंदणी (आयकर कायदा १९६१ मधली १२एबी आणि ८०जी), कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घेण्यासाठी सीएसआर-१ फॉर्म, ही कामं त्यानं पाहावीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे रस्ता सुरक्षेचं प्रबोधन, चालक प्रशिक्षण आणि अपघातग्रस्तांना वैद्यकीय मदत सीएसआरमध्ये बसत होती. पोलिसांसारख्या अंमलबजावणी यंत्रणेचं प्रशिक्षण बसत नव्हतं, कारण ते सरकारचं नेहमीचं काम. त्या परिपत्रकाच्या जागी २०२१ मध्ये नवं आलं, तेव्हा सध्याचा नियम आधी पाहा. प्रस्ताव लिहून झाल्यावर हे कळलं तर सगळी मेहनत पाण्यात.

ज्यांना कुणी विचारत नाही

विमा कंपन्यांसाठी काम करणारा मोटार सर्व्हेअर. चेपलेल्या गाड्या रोज पाहिल्यामुळे टक्कर कुठून झाली, पट्टा लावला होता का, एअरबॅग का उघडली नाही, यावर त्याचा हात धरणारा क्वचितच मिळेल. एसटीचा निवृत्त वाहतूक निरीक्षक किंवा विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेला चालक. ट्रक चालकांपैकी एखादा, फक्त बैठक दुपारी ठेवू नका आणि प्रवासखर्च द्या. शाळेचा मुख्याध्यापक ठीकच.

अपघातात घरचं माणूस गमावलेल्यांना किंवा स्वतः अपंगत्व आलेल्यांना मंडळात जरूर घ्या, पण दरवर्षी माईकवर रडायला लावण्यासाठी नाही. जगभर या कामाला रेटा त्यांनीच दिला आहे. अमेरिकेत १९८० साली दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध आयांची संघटना उभी करणाऱ्या कँडी लाइटनर घरं-जमिनी विकण्याच्या व्यवसायात होत्या. सेव्हलाइफ फाउंडेशनचे पीयूष तिवारी गुंतवणूक क्षेत्रातून आले. चंदीगडचे हरमन सिद्धू अपघातानंतर व्हीलचेअरवर आहेत. महामार्गालगतच्या दारू दुकानांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आला त्यामागे त्यांची याचिका होती. तिघांचाही मूळ पेशा वाहतुकीचा नव्हता. मंडळानं अशा माणसाला तांत्रिक बळ पुरवायचं, त्याची जागा घ्यायची नाही.

पत्रकार मंडळाबाहेर ठेवलेला बरा. आत आला की बातमी आपलीच आपण छापल्यासारखी होते. पदावरचा राजकारणीही बाहेर. तो लागेल तेव्हा भेटतो. रस्त्याचे ठेकेदार, हेल्मेटचे उत्पादक, वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचे विक्रेते, मद्य कंपन्यांचे अधिकारी यांना सरळ नकार द्या. देणगी घ्यायची की नाही हा वेगळा ठराव, सहीचा अधिकार मात्र नाही.

संख्या, मुदत, परिचय

संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान ७ सदस्य लागतात; महाराष्ट्रात तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) खासगी कंपनी केली तर २ संचालकांत भागतं. कामाच्या दृष्टीनं ९ हा आकडा सोयीचा: ५ ची गणपूर्ती ठेवली की चार जण लग्नसराईत गेले तरी बैठक होते. एका पेशाचे दोनपेक्षा जास्त नकोत. आजीव विश्वस्त हा प्रकार टाळा. ३ वर्षांची मुदत घटनेतच लिहा आणि दरवर्षी तिघे बदलतील अशी पाळी लावा. नाहीतर सगळे एकदम जातात आणि फायली कुणाला सापडत नाहीत.

परिचय लिहिताना ‘ज्येष्ठ समाजसेवक’ आणि ‘विविध संस्थांशी निगडित’ हे शब्द गाळा. तीन ओळी पुरतात. नमुना: ‘स्थापत्य अभियंता. सार्वजनिक बांधकाम विभागात २८ वर्षे, त्यांपैकी ९ वर्षे राज्य महामार्गांची देखभाल. कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. संस्थेत चौकांच्या पाहणीचं काम पाहतात. सध्या एका सल्लागार कंपनीत अर्धवेळ. त्या कंपनीच्या रस्त्यांबाबतच्या ठरावात मत देत नाहीत.’ शेवटचं वाक्य लिहायला लोक लाजतात, पण देणगीदार आणि अधिकारी आधी तेच वाचतात.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ चा चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) धर्मादाय कार्यालयात द्यायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज, आणि परिशिष्ट १ वर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीत, नवं नाव चढेपर्यंत बँक सही बदलताना अडवते. त्यासाठी बैठकीची सूचना, हजेरी, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र आणि जुन्याचा तारीखवार लेखी राजीनामा लागतो. ‘फोनवर सांगितलं होतं’ हे तिथे चालत नाही, तेव्हा राजीनामा त्याच बैठकीत लिहून घ्या.