रेसिडेन्सीसाठीचे पर्सनल स्टेटमेंट: या चुका टाळा

आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणक्रमावर ठरतो. त्यामुळे महाराष्ट्रातून एमबीबीएस होऊन अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) अर्ज करणाऱ्या डॉक्टरांना पर्सनल स्टेटमेंटला, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निवेदनाला, किती महत्त्व द्यावे, हे सहसा उमगत नाही. केवळ त्याच्या बळावर मुलाखतीचे बोलावणे क्वचितच येते, कारण स्टेप २ सीके या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेतील टप्प्याचे गुण, शिफारसपत्रे आणि अमेरिकेतील रुग्णालयाचा अनुभव यांचे पारडे जड असते. निष्काळजीपणे लिहिलेले निवेदन मात्र मिळू शकणारी मुलाखत घालवू शकते.

सर्वांत गंभीर चूक नकलेची. बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाकडे २००५ ते २००७ या काळात आलेल्या ४,९७५ निवेदनांची तपासणी झाली, तेव्हा ५.२ टक्के निवेदनांत उचललेला मजकूर सापडला. ‘नमुना निवेदने’ वाचून लिहायला बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वाचलेली वाक्ये नकळत आपल्या लेखनात उतरतात.

दुसरी चूक, बायोडाटाच पुन्हा परिच्छेदांत मांडण्याची. पारितोषिके आणि शोधनिबंध अर्जात इतरत्र असतातच. याउलट, शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेली एक वर्षाची बंधपत्रित सेवा अनेकजण एका ओळीत उरकतात. तिकडच्या वाचकाला ही व्यवस्था ठाऊक असेलच असे नाही. ती सक्तीची सेवा होती, तिथे कोणते रुग्ण येत, जवळ तज्ज्ञ नसताना कोणता निर्णय स्वतः घ्यावा लागला आणि त्यातून हीच शाखा का निवडली, हे सविस्तर लिहावे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील मात्र वगळावा. अभ्यासासाठी खंड पडला असल्यास तो दोन वाक्यांत सरळ सांगावा. लपवलेल्या खंडाबद्दल संशय अधिक येतो.

ईरास या रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत २८,००० अक्षरांची मुभा असली, तरी एका पानापलीकडे जाऊ नये. मजकूर वर्डमधून चिकटवल्यास अवतरणचिन्हे बिघडू शकतात, म्हणून तो साध्या मजकुराच्या रूपात तपासावा. दोन शाखांना अर्ज करणाऱ्यांनी विशेष जपावे: इंटर्नल मेडिसिनचे निवेदन सायकिअट्रीच्या प्रोग्रॅमला जोडले गेले, तर तिथला अर्ज बहुधा तिथेच संपतो. नंतर निवेदन बदलता येते, पण तोवर जुने वाचले गेलेले असू शकते. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमसमोर कोणते निवेदन जोडले आहे, ते उघडून वाचावे.