दिवंगत नटनट्यांचा जीवनपट कसा लिहावा

एखादा नट गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्यातला बराचसा मजकूर दुसऱ्या कोणत्याही नटाच्या नावाखाली छापला तरी खपून जाईल असा असतो. जन्म, शिक्षण, गाजलेल्या चार नाटकांची नावे, पुरस्कार आणि शेवटी ‘कधीही भरून न येणारी पोकळी’. बातमी लिहिणाऱ्याच्या हाताशी त्या दिवशी वेळच तेवढा असतो, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु स्मरणिकेसाठी, जन्मशताब्दीच्या विशेषांकासाठी किंवा गावच्या नाट्यमंडळाच्या इतिहासासाठी जो सवडीने लिहायला बसतो, त्याने याच साच्यात लिहिणे हा त्या कलावंतावर अन्याय आहे. रंगभूमीवरचे काम पडदा पडताच संपते आणि त्यानंतर उरतात ते कागद, काही छायाचित्रे, थोडेफार ध्वनिमुद्रण आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी. म्हणून नटाचा जीवनपट पुरस्कारांवर किंवा किश्शांवर नव्हे, तर भूमिकांवर उभा करावा: कोणती भूमिका, कोणत्या मंडळीत, कोणत्या वर्षी, कोणासमोर उभे राहून आणि तेव्हा वय काय होते.

सर्वांत आधी माणूस नक्की करावा. हे हास्यास्पद वाटेल, पण मराठी रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीत केवळ पहिल्या नावाने ओळखले जाण्याची रीत असल्यामुळे दोन माणसांची कामे एकाच्या खात्यावर जमा होणे वारंवार घडते. ‘सुलोचना’ हे एकच नाव घ्या. मूकपटांच्या काळातील रूबी मायर्स पडद्यावर सुलोचना या नावाने वावरल्या आणि त्यांना १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. मराठी-हिंदी पडद्यावरची सोज्ज्वळ आई म्हणून घराघरांत पोहोचलेल्या सुलोचना लाटकर ४ जून २०२३ रोजी गेल्या, तर लावणीच्या गायिका सुलोचना चव्हाण त्यांच्या आधी काही महिने, १० डिसेंबर २०२२ रोजी. लाटकर आणि चव्हाण या दोघींनाही ‘पद्मश्री’ मिळाली, पहिल्या बाईंना १९९९ मध्ये आणि दुसऱ्यांना २०२२ मध्ये. त्यामुळे पुरस्काराचे नाव बरोबर असूनही वर्ष चुकले की नोंद सरळ दुसऱ्या बाईंची होते. चंद्रकांत मांडरे आणि चंद्रकांत गोखले यांच्या बाबतीतही जुन्या श्रेयनामावलीत नुसते ‘चंद्रकांत’ दिसले, तर चित्रपट पाहून किंवा त्या काळची जाहिरात पाहूनच निर्णय करावा. पाळण्यातले नाव, माहेरचे नाव, रंगभूमीवरचे नाव आणि पडद्यावरचे नाव ही चारही लिहून ठेवावीत. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर होते, हे ठाऊक नसलेल्या माणसाला त्यांच्या बालपणाचा कोणताही कागद सापडणार नाही.

त्यानंतर तारखा. जन्मतारखेच्या बाबतीत नटांची चरित्रे फार ढिली असतात, कारण नाटक मंडळीत दाखल होणाऱ्या मुलाची शाळा अर्धवट सुटलेली असे आणि पुढे चित्रपटात वय कमी सांगण्याचा मोह अनेकांना पडे. अभिनेत्री लीला चिटणीस यांचे जन्मवर्ष कुठे १९०९ तर कुठे १९१२ असे आढळते. अशा वेळी आपल्या सोयीचे एक वर्ष निवडून दुसरे गाळू नये, दोन्ही द्यावीत आणि कोणते अधिक जुळते ते पहिल्या नोकरीच्या, विवाहाच्या किंवा पहिल्या भूमिकेच्या वर्षावरून दाखवावे. जुन्या कागदांवर शके असेल तर वर्षप्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८१० चा आषाढ १८८८ मध्ये येतो, पण त्याच शकातला माघ १८८९ मध्ये. पौष आणि माघातल्या जन्मांची वर्षे छापील चरित्रांत एकाने चुकलेली असतात ती बहुधा यामुळेच. ‘गोकुळाष्टमीला जन्म म्हणून कृष्ण नाव ठेवले’ असे कुटुंबात सांगितले जात असेल, तर त्या वर्षाच्या पंचांगात अष्टमी कोणत्या तारखेला आली होती हे अवश्य पडताळावे. तिथी आणि तारीख जुळत नसतील तर दोहोंपैकी एक गोष्ट मागाहून चिकटलेली आहे.

मृत्यूची तारीख सोपी असते असे समजू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची बातमी दोन-तीन दिवस आधीच सर्वत्र पसरली, मान्यवरांच्या श्रद्धांजल्याही आल्या आणि कुटुंबीयांना खुलासा करावा लागला. ते प्रत्यक्षात २६ नोव्हेंबर रोजी पुण्यात गेले. त्या तीन दिवसांतले लेख आजही शोधताना समोर येतात. त्यामुळे पहिल्या बातमीवर न थांबता अंत्यसंस्काराची बातमी गाठावी, कारण तिच्यात सहसा दिवस, शहर आणि उपस्थितांची नावे असतात. परदेशी गेलेल्या कलावंतांच्या बाबतीत तर स्थळही तपासावे. लीला चिटणीस यांचा शेवट १४ जुलै २००३ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला.

आता मुख्य काम. कागदावर चार रकाने आखावेत. पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात नाटक किंवा चित्रपट आणि संस्था, तिसऱ्यात भूमिका व समोरचा नट आणि चौथ्यात त्या दिवशीचे वय. हा चौथा रकाना बहुतेक चरित्रकार आखत नाहीत, आणि नेमका तोच सर्वांत जास्त बोलतो. बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा आणि ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा, म्हणजे त्यांनी साकारलेली नायिका भामिनी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ (दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला प्रयोग) झाले, तेव्हा समोर नायक धैर्यधर म्हणून उभे असलेले केशवराव भोसले त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान होते, आणि त्यानंतर तीन महिनेही पूर्ण व्हायच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतीस वर्षांचे असताना केशवराव गेले. ‘प्रभात’ या चित्रसंस्थेच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटामध्ये एकनाथ झालेले बालगंधर्व सत्तेचाळिशीला आलेले होते. हे आकडे एकाखाली एक मांडले की कोणतेही विशेषण न लावता एका कारकिर्दीचा चढ-उतार वाचकाला दिसू लागतो. डॉ. श्रीराम लागू यांचेही तसेच. नाक-कान-घशाचे शल्यविशारद असलेल्या या माणसाने १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नाटक पत्करले आणि २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा थकलेल्या अप्पासाहेब बेलवलकरांच्या वेषात उभा असलेला नट त्रेचाळीस वर्षांचा होता. त्या भूमिकेचे मोल सांगण्यासाठी एवढी एक वजाबाकी पुरेशी आहे.

रकाने भरण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती. एखाद्या जुन्या रविवारच्या अंकातील चौकट नीट वाचावी: वर संस्थेचे नाव, मग नाटक, लेखक, दिग्दर्शक, खाली नाट्यगृह, ‘दु. ४ वा.’ किंवा ‘रात्रौ ८॥’ (म्हणजे साडेआठ), कोपऱ्यात प्रयोग क्रमांक आणि सर्वांत खाली नटसंच. पहिल्या आठवड्यातील नटसंच आणि शंभराव्या प्रयोगाचा नटसंच शेजारी ठेवावेत, म्हणजे कोण सोडून गेले आणि कोण बदली म्हणून आले ते कळते. हे महत्त्वाचे अशासाठी की एकच भूमिका अनेकांनी केलेली असते. अप्पासाहेब बेलवलकर डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही उभे केले. ‘नटसम्राटमधील भूमिका गाजली’ असे मोघम वाक्य त्यामुळे चारही जणांवर अन्याय करते. पहिल्या संचात कोण होते, पुढे कोण आले आणि त्यांनी भूमिकेचे काय केले, हे सांगितले पाहिजे. तसेच पाचशेव्या प्रयोगाचा आकडा नाटकाचा असतो, नटाचा नव्हे. एखाद्याने पहिल्या दीडशे प्रयोगांनंतर नाटक सोडले असेल तर ‘पाचशे प्रयोग केले’ असे लिहिता येणार नाही.

चित्रपटाचे वर्ष लिहिताना ते चित्रीकरणाचे, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचे, प्रदर्शनाचे की पुरस्काराचे हे ठरवून घ्यावे आणि संपूर्ण लेखात एकच पद्धत पाळावी. राष्ट्रीय पुरस्कार आदल्या वर्षाच्या चित्रपटांना मिळतात, त्यामुळे दोन वर्षे मिसळली की यादी विस्कटते. द्विभाषिक चित्रपटांची गणती एकदा करायची की दोनदा, हेही स्पष्ट करावे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठीत आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित झाला आणि दुर्गा खोटे दोन्हींत तारामती होत्या. काही कारकिर्दी मृत्यूपाशी संपत नाहीत. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेल्या, पण त्यांचे चित्रपट त्यानंतरही पडद्यावर येत राहिले आणि त्यांतल्या ‘वारिस’मध्ये आवाज रेखा यांचा आहे. अशा ठिकाणी अभिनयाविषयी लिहिताना आवाजाला धरून काही विधान करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

संगीत नटांविषयी लिहिणाऱ्यांना एक विशेष सूचना करावीशी वाटते. आपल्याला त्यांचे गाणे ऐकायला मिळते ते जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर, आणि त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. नाट्यगृहात तेच पद ‘वन्समोअर’ घेत घेत कितीतरी अधिक वेळ चाले, भूमिकेच्या मनःस्थितीप्रमाणे विस्तारे आणि समोरच्या प्रेक्षकांनुसार रोज वेगळे होई. तबकडीवरून आवाजाची जात, सुरांचा लगाव, शब्दोच्चार यांविषयी अधिकाराने लिहिता येते, परंतु रंगमंचावरील गायकीविषयी लिहायचे तर समकालीनांच्या लेखनाकडेच वळावे लागते. तेथे नाटक मंडळीतील सहकाऱ्यांची आत्मचरित्रे सोन्याच्या मोलाची आहेत. चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’, ज्याला १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे केवळ त्यांचे चरित्र नाही. दीनानाथ मंगेशकरांबरोबर १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी उभारणाऱ्या भागीदाराची ती साक्ष आहे. नटाने स्वतःविषयी लिहिलेले आणि त्याच्या सहकाऱ्याने त्याच्याविषयी लिहिलेले समोरासमोर ठेवून वाचावे. जेथे दोघे जुळतात तेथे निर्धास्त व्हावे आणि जेथे जुळत नाहीत तेथे दोन्ही सांगावे.

किश्शांना जागा द्यावी, पण ते किस्से आहेत असे सांगून. आणि जीवनावर बेतलेला चित्रपट म्हणजे जीवनाचा पुरावा नव्हे, हे तर अनेकदा बजावावे लागते. ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटाला हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा आधार आहे, म्हणून चित्रपटातील प्रसंग वाडकरांच्या आयुष्यात घडले असे कोणी लिहिले, तर तो एका कलावंत स्त्रीच्या शब्दांवर दुसऱ्यांची कल्पना लादतो. त्यांचे आयुष्य त्यांनी स्वतः बोलून सांगितले आहे, तेच वाचावे.

खासगी आयुष्याविषयी माझे मत ठाम आहे. घराणे, विवाह, व्यसन, कर्ज, आजार यांपैकी जे कलावंताने स्वतः उघडपणे सांगितले आहे आणि ज्याचा कामावर परिणाम झाला, तेवढेच लिहावे आणि ते त्याच्या तोंडून आल्याचे नमूद करावे. विशेषतः कलावंतिणींच्या किंवा तमाशाच्या परंपरेतून आलेल्या स्त्रियांविषयी लिहिताना चटकदार कुजबुजीला थारा देऊ नये. समाजाचा रोष पत्करून पुढे आलेल्या स्त्रियांमुळेच तर स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याची वाट मोकळी झाली. ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या. त्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती मात्र अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. या चार पिढ्यांची कहाणी लिहिताना पहिल्या दोघींना केवळ ‘आजी’ आणि ‘पणजी’ म्हणून एका वाक्यात उरकणारे लेख खूप आहेत. त्यांनाही वर्षे, भूमिका आणि वय या रकान्यांत तेवढीच जागा मिळाली पाहिजे.

पडद्यावरच्या एकाच साच्याने नट झाकला जातो, तेही टाळावे. निळू फुले म्हटले की खलनायक आठवतो, पण १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पूर्वी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलात वावरणारा आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारखे लोकनाट्य गाजवणारा माणूस होता. ती वर्षे लिहिल्याशिवाय पुढे त्यांनी नाटकात उभा केलेला सखाराम बाइंडर कुठून आला ते कळत नाही.

मसुदा तयार झाल्यावर तो कुटुंबीयांना वाचायला द्यावा. त्यांनी सुचवलेली नावे आणि नातीगोती सहसा बरोबर निघतात, मात्र त्यांनी सांगितलेली वर्षे जाहिरातींशी ताडून पाहावीत. त्याच भेटीत घरातल्या हस्तपत्रिका, करारपत्रे, दौऱ्याच्या वह्या आणि छायाचित्रे मागावीत, कारण ती रद्दीत जाण्याची वेळ बहुधा हीच असते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिल्म २००३ च्या आगीत नष्ट झाल्या, तेव्हा मूळ वस्तू एकाच ठिकाणी असण्याचा धोका स्पष्ट झाला. म्हणून प्रत्येक कागदाची प्रत काढून एक कुटुंबाकडे आणि एक जवळच्या ग्रंथसंग्रहालयात ठेवावी. छायाचित्राच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाटकाचे नाव, नाट्यगृह, वर्ष आणि डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव लिहावे, आणि ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह करून ती प्रत त्या संचातल्या हयात नटाला, नाही तर प्रॉम्प्टरला (आडून संवाद सुचवणाऱ्याला) किंवा रंगभूषाकाराला दाखवावी.