पाइपच्या चिरलेल्या नळीची घरच्या घरी दुरुस्ती

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत माळ्यावरच्या पेट्या आवरताना आजोबा-पणजोबांचा तंबाखूचा पाइप हाती लागतो, तेव्हा त्याची लाकडी वाटी बहुधा शाबूत असते आणि चीर गेलेली असते ती तोंडात धरायच्या काळ्या नळीला. वाटी ब्रायर नावाच्या भूमध्य सागराकाठच्या झुडपाच्या मुळाजवळील गाठीतून कोरलेली असल्याने ती उष्णता वर्षानुवर्षे सोसते. नळी मात्र दातांचा दाब, लाळ आणि ऊन या तिन्हींनी खचत जाते. तंबाखूने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो, त्यामुळे असा पाइप पुन्हा पेटवण्यासाठी नव्हे, तर घरातली एक सुबक वस्तू म्हणून नीट राखावा, असे मला मनापासून वाटते. दुरुस्ती मात्र ती वापरायची आहे असे समजूनच करावी, म्हणजे ती टिकते.

प्रथम नळी कशाची आहे हे ओळखावे, कारण पुढची सर्व कृती त्यावर ठरते. जुन्या नळ्या बहुतेक एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या असतात. साध्या रबरात गंधक अगदी थोडे असते. एबोनाइटमध्ये ते सुमारे 30 टक्के किंवा त्याहूनही अधिक मिसळून रबर दीर्घकाळ तापवतात. अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी 1851 मध्ये या पदार्थाचे पेटंट घेतले. जुनी फाउंटन पेने वापरणाऱ्यांना हा पदार्थ चांगला परिचयाचा असतो. उजेडाने आणि हवेने एबोनाइटचा पृष्ठभाग हिरवट-तपकिरी पडतो आणि ओल्या पॉलिश पेपरने घासताच गंधकाचा वास येतो. अलीकडच्या नळ्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्यांचा रंग असा उतरत नाही आणि हा वासही येत नाही. अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच लावू नये, कारण त्याने पृष्ठभाग मऊ पडून त्यावर बारीक जाळीसारख्या चिरा उमटतात. स्पिरिटही टाळलेले बरे.

नंतर चीर कोठे आहे ते भिंगातून पाहावे. दात ठेवायच्या चपट्या टोकाजवळची चीर घरी भरता येते. नळीच्या मध्यावरची उभी केसासारखी चीरही भरता येते. पण लाकडात बसणारी गोल खुंटी मुळाशी तडकली असेल, तर गोंदाने केलेली दुरुस्ती टिकत नाही. तेथे प्रत्येक वेळी पिळाचा ताण येतो आणि सांधा पुन्हा उघडतो. अशी नळी कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या लहान लेथवाल्याकडे न्यावी. जुनी खुंटी कापून, नळीत सरळ भोक पाडून त्यात डेलरिन नावाच्या कणखर प्लास्टिकची नवी खुंटी बसवणे हे त्याच्यासाठी थोडक्या वेळाचे काम आहे. केवळ गोंदावर विसंबून घरी हा प्रयत्न करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामान फारसे लागत नाही. 220, 400, 600, 1000 आणि 2000 नंबरचे वॉटर पेपर सांगलीच्या गणपती पेठेत किंवा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. शिवाय फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद, औषधांच्या दुकानातील सक्रिय कोळशाची कॅप्सूल, व्हॅसलीन, बारीक कानस आणि अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचे ड्रिल हवे. इतके बारीक ड्रिल दुकानात सहज मिळत नाही. ओळखीच्या सोनाराकडे किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे विचारावे.

काम सुरू करण्यापूर्वी नळी कोमट पाण्याने व साबणाने आतून-बाहेरून धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. आतल्या जुन्या काजळीवर आणि तेलकटपणावर गोंद धरत नाही. एबोनाइटवर दातांचे खड्डे असतील तर ते गोंद लावण्याआधीच उठवून घ्यावेत: नळीच्या पोकळीत लवचीक तार घालून टोक थोडा वेळ खूप गरम पाण्यात धरले की एबोनाइट मऊ होऊन आपल्या मूळ आकाराकडे परत येते आणि खड्डे बरेच वर येतात. तार यासाठी की वाकडी नळी तापल्यावर सरळ होऊ पाहते. पाण्याने पृष्ठभाग मंद पडला तरी काळजी नको, तो पुढे घासला जाणारच आहे. अ‍ॅक्रिलिकवर हा उपाय करू नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. चीर जेथे संपताना दिसते त्याच्या किंचित पुढे बारीक ड्रिलने एक लहान भोक पाडावे. चिरीच्या टोकदार अग्रावर ताण एकवटतो आणि म्हणून ती पुढे सरकत राहते. गोल भोकाच्या कडेवर तोच ताण पसरतो आणि चीर थांबते. विमानाच्या पत्र्यातील चिराही याच पद्धतीने थोपवतात. ड्रिल हाताने, हळूहळू फिरवावे. विजेच्या यंत्राने एबोनाइट तापते आणि टोक घसरते. मग चिरीच्या तोंडाला कानशीने अगदी उथळ खाच करावी, म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळते.

आता धूर जाण्याचा मार्ग वाचवायचा आहे. दुधाच्या रिकाम्या पिशवीची पट्टी धुऊन, घडी घालून, तिला व्हॅसलीनचा पातळ हात लावून नळीच्या फटीत सरकवावी. पॉलिथिनला हा गोंद नीट चिकटत नाही, त्यामुळे ती नंतर सहज निघते. व्हॅसलीन चिरीच्या कडांना लागू देऊ नये. गोंदाचे काही थेंब प्लास्टिकच्या झाकणावर घेऊन त्यात कोळशाची चिमूटभर पूड मिसळावी. पूड काळा रंगही देते आणि मिश्रणाला अंगही देते. टाचणीच्या टोकाने ते चिरीत आणि भोकात भरावे. एकदम जाड थर देऊ नये: पहिला थर वाळू द्यावा, मग दुसरा, आणि शेवटचा थर पृष्ठभागाच्या किंचित वर राहील असा द्यावा. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून साताऱ्याच्या पावसाळ्यात तो झटकन वाळतो आणि कधीकधी भोवती पांढुरकी झाक सोडतो. ती घासताना निघून जाते. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नये, कारण सुताशी संयोग होताच चटका बसेल इतकी उष्णता निर्माण होते. खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड कामाच्या अगदी जवळ नेऊ नये.

पट्टी काढून नळी पूर्ण एक दिवस तशीच ठेवावी. नंतर उंचवटा कानशीने उतरवून 220 पासून 2000 पर्यंतचे पेपर पाण्यात भिजवून क्रमाने वापरावेत आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढचा पेपर घेऊ नये. ओले घासल्याने एबोनाइटची धूळ श्वासात जात नाही. खुंटीला मात्र पेपर लावू नये, नाहीतर ती लाकडात सैल बसते. नळी लाकडाला मिळते तेथील धारदार कडाही जपावी. ती गोलावली की जोड कायमचा उठून दिसतो.

चकाकीसाठी साधी पांढरी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घेऊन पुरेशी होते. त्यावर औषधांच्या दुकानातील लिक्विड पॅराफिनचा एक थेंब चोळून रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुसून टाकावा. खोबरेल तेल कालांतराने खवट होते, म्हणून ते नको. महाबळेश्वरकडे मधाबरोबर मिळणारे मेण सुमारे 63 अंशांना वितळते आणि बोटांच्या उबेनेही चिकट होते. त्यापेक्षा कार्नोबा मेण, जे 80 अंशांच्या पुढे वितळते, अधिक टिकाऊ ठरते.

नळी परत बसवताना सरळ न ढकलता एकाच दिशेने हलके फिरवत बसवावी आणि घट्ट वाटल्यास खुंटीवर मऊ पेन्सिलीचे शिसे चोळावे. पाइप कधी पेटवलाच गेला, तर तो गरम असताना नळी काढू नये, कारण त्या वेळी लाकूड आणि खुंटी दोन्ही फुगलेली असतात आणि पिळाने लाकडाची मानच तडकते.