साखळीतील वेब सेवांमध्ये टाइमआउट आणि पुनर्विनंती कशी हाताळावी

तिकीट आरक्षणाचे उदाहरण घेऊ. मोबाइल ॲप आरक्षण सेवेला विनंती पाठवते, आरक्षण सेवा पेमेंट सेवेला, आणि पेमेंट सेवा बँकेच्या सर्व्हरला. या वाटेवर कुठेही टाइमआउट झाला (ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही), तर पैसे कापले गेले की नाही हे विचारणाऱ्याला कळत नाही. विनंती पोहोचलीच नसेल, किंवा काम पूर्ण होऊन केवळ उत्तर वाटेत हरवले असेल. म्हणून अशा व्यवहाराची नोंद 'अयशस्वी' अशी न करता 'अनिश्चित' अशीच करावी.

प्रत्येक टप्प्याची कालमर्यादा कोडमध्ये स्पष्ट लिहावी, कारण वेब विनंत्या पाठवणाऱ्या पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत ती दिली नाही तर मर्यादा लागतच नाही. ॲप १० सेकंद थांबणार असेल, तर आरक्षण सेवेने पेमेंटसाठी ८ आणि पेमेंट सेवेने बँकेसाठी ६ सेकंदच थांबावे. हे प्रमाण उलटे झाले की ग्राहक निघून गेल्यावरही आतले काम चालूच राहते. जीआरपीसी या सेवांमधील संवादाच्या चौकटीप्रमाणे उरलेली मुदत विनंतीसोबत पुढे पाठवता आली, तर ते अधिक चांगले.

पुन्हा प्रयत्न करण्याचे काम शक्यतो एकाच थराकडे ठेवावे. ॲप, आरक्षण आणि पेमेंट या तिघांनीही प्रत्येकी ३ प्रयत्न केले, तर एका तिकिटासाठी आधीच थकलेल्या बँकेच्या सर्व्हरवर २७ विनंत्या जाऊ शकतात. दोन प्रयत्नांमधील अंतर दरवेळी दुप्पट करावे आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा, म्हणजे सगळे ग्राहक एकाच क्षणी परत येणार नाहीत. ४२९ (फार जास्त विनंत्या) किंवा ५०३ (सेवा तूर्त उपलब्ध नाही) या उत्तरासोबत किती वेळाने परत यावे हे सांगणारे 'रिट्राय-आफ्टर' हेडर आले, तर त्यात सांगितलेला वेळ पाळावा.

खरी काळजी मात्र दुबार व्यवहाराची घ्यावी लागते. वेबवरील संवादाच्या एचटीटीपी नियमांनुसार पुट (माहिती ठेवणे) आणि डिलीट (माहिती काढणे) या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी अपेक्षित परिणाम तोच राहतो. प्रक्रियेसाठी माहिती पाठवणाऱ्या पोस्ट विनंतीला ती हमी नाही. त्यासाठी ग्राहकाने 'पैसे भरा' बटण दाबताच ॲपने एक अनन्य की (त्या व्यवहाराची ओळखखूण) तयार करावी आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवावी. प्रत्येक प्रयत्नाला नवी की देणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण वरवर सगळी व्यवस्था असूनही संरक्षण शून्य राहते. पेमेंट सेवेने बँकेला हाक मारण्यापूर्वीच ही की युनिक कन्स्ट्रेंट (एकच मूल्य दोनदा नोंदू न देणारा नियम) असलेल्या डेटाबेसच्या तक्त्यात 'प्रलंबित' म्हणून नोंदवावी. तीच की पुन्हा आली आणि काम संपलेले असेल, तर साठवलेले उत्तर परत द्यावे. काम चालू असेल, तर ४०९ (संघर्ष) हे उत्तर द्यावे. कीसोबतची रक्कम बदललेली असेल, तर विनंती नाकारावी. बँकेचे उत्तर न आल्यास नवा व्यवहार सुरू न करता त्याच संदर्भ क्रमांकाने स्थिती विचारावी.

चाचणीसाठी बँकेचा एक नकली सर्व्हर उभा करावा, जो काम पूर्ण करून उत्तर न देताच जोडणी तोडतो. त्यानंतर तीच विनंती पुन्हा पाठवून नकली बँकेकडे वजावट एकदाच नोंदली गेली आहे का, हे पाहावे.